कुंकळ्ळीची दोन स्मारके





गोव्यात मडगावहून काणकोणकडे जाताना वाटेत कुंकळ्ळी नावाचे गाव लागते. आपल्या कात्रजच्या धर्मग्रामात गोव्याची बरीच कुटुंबे आहेत, त्यांना हे गाव परिचित असेल. या गावाला चारशे वर्षांहून अधिक काळ दोन आठवणी आहेत. एक आहे तेथे मारल्या गेलेल्या पाच येशूसंघीय मिशनऱ्यांची. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये त्यांना 'धन्यवादित' म्हणून घोषित केले. दुसरी आहे त्या गावच्या गावकरांची, म्हणजे गावप्रमुखांची, ज्यांना पोर्तुगीजांनी ठार केले. त्यांचेही स्मारक आता गावात उभे आहे. ज्यांनी मिशनऱ्यांना मारले त्यांतलेच हे लोक, असे मानले जाते.

एकाच गावात मरणाऱ्यांचेही स्मारक आणि मारणाऱ्यांचेही. यांतले खरे कोणते? ख्रिस्ती माणसाने कोठे डोके टेकवावे? आपल्या मुलांना हा प्रश्न शाळेत, कॉलेजात कधी ना कधी ऐकावा लागतो. कोणी तरी म्हणते, "तुमच्या लोकांनी देवळे पाडली." मूल घरी येऊन आईबापांना विचारते आणि आईबाप एक तर रागावतात, नाही तर गप्प बसतात. दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. म्हणून आज या घटनेवर थोडा शांतपणे विचार करू. त्यातून एक मोठा प्रश्नही आपोआप समोर येईल : अन्यायी सत्तेविरुद्ध लोकांनी उठाव करणे योग्य आहे का, आणि त्यात रक्त सांडणे योग्य आहे का?

काय घडले?

प्रथम घटना नीट पाहू. साष्टी हा प्रदेश १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. कुंकळ्ळी व आसपासच्या गावांनी मात्र ही सत्ता मनापासून कधी मान्य केली नाही. गावाचा कारभार गावकरांच्या हाती असे. जमीन गावाची सामाईक, तिचे उत्पन्न वाटून घेतले जाई आणि या सर्वांच्या मध्यभागी गावचे देऊळ असे. देऊळ म्हणजे केवळ पूजेची जागा नव्हे. गावाचा निवाडा, गावाचा मान, जमिनीचे हिशेब, सणवार हे सर्व त्याच्याशी बांधलेले होते. म्हणून देऊळ पाडणे म्हणजे गावाचा कणा मोडण्यासारखे होते.

१५६७ नंतर साष्टीत सरकारी हुकुमाने देवळे पाडण्याची मोहीम जोरात चालली. कुंकळ्ळीकरांनी सारा देण्यास नकार दिला. त्यावर सैन्याच्या तुकड्या आल्या आणि येथील देवळांचाही विध्वंस झाला. अशा स्वाऱ्यांबरोबर फादर पिएत्रो बेर्नो हे येशूसंघीय मिशनरीही गेले होते, ही गोष्ट आपल्याच ख्रिस्तसभेच्या लेखकांनी नोंदवून ठेवली आहे. ती लपवण्यात अर्थ नाही.

१५ जुलै १५८३ रोजी (त्या वेळच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे) ओर्लीच्या चर्चमध्ये पाच येशूसंघीय जमले : फादर रोदोल्फो अक्वाविवा, फादर अल्फोन्सो पाशेको, फादर पिएत्रो बेर्नो, फादर अंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर फ्रान्सिस्को अरान्या. तेथून ते कुंकळ्ळीस गेले. तेथे क्रूस उभारावा व चर्चसाठी जागा पाहावी असा त्यांचा विचार होता. बरोबर काही ख्रिस्ती माणसे होती. गावकरांनी बैठक घेतली आणि थोड्याच वेळात शस्त्रे घेतलेला जमाव चाल करून आला. मिशनऱ्यांबरोबर गोन्सालो रॉड्रिग्ज नावाचा एक पोर्तुगीज होता, त्याच्यापाशी बंदूक होती. तो ती झाडणार तोच फादर पाशेको यांनी त्याला थांबवले. आपण लढायला आलेलो नाही, असे त्यांनी त्याला सांगितले. पाचही जण मारले गेले. मरताना त्यांतील काहींनी मारणाऱ्यांसाठी क्षमेची प्रार्थना केली, असे वृत्तांत सांगतात. गोन्सालो रॉड्रिग्ज व चौदा स्थानिक ख्रिस्ती लोकही मारले गेले. त्यांत दोन लहान मुले होती. डॉमिनिक हा कुंकळ्ळीचाच, रायतूरच्या शाळेत शिकणारा मुलगा. त्याचा जीव त्याच्या सख्ख्या चुलत्याने घेतला. दुसरा अल्फोन्सो, फादर पाशेकोंचा वेदीसेवक. तो फादरांचे प्रार्थनेचे पुस्तक हातातून सोडीना. त्याचे हात तोडले आणि दुसऱ्या दिवशी त्याला ठार केले.

हा झाला पहिला अध्याय. दुसरा अध्याय आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो. काही काळाने पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या सोळा गावकरांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले. ते विश्वास ठेवून गेले. ना चौकशी, ना न्यायालय. किल्ल्यातच त्यांची कत्तल झाली. एकाने नदीत उडी घेऊन जीव वाचवला, तेवढाच सुटला. पुढे कुंकळ्ळी आणि वेरोडा येथील जमिनी गावाकडून काढून घेण्यात आल्या आणि कालांतराने त्या पोर्तुगालच्या फ्रोंतेरा या सरदार घराण्याची जहागीर झाल्या. ज्या कुटुंबांचा हत्येशी काही संबंध नव्हता, त्यांनाही पिढ्यान् पिढ्या त्याची किंमत मोजावी लागली.

तोच राजा, तोच काळ

ही घटना एकाकी नाही. त्या वेळी सगळ्या युरोपात सत्ता आणि प्रजा यांच्यात रक्तरंजित झगडा चालू होता आणि दोन्हीकडे देवाचे नाव घेतले जात होते.

१५२५ मध्ये जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे आपल्या बारा मागण्या लिहून काढल्या. आमचा धर्मगुरू आम्हांला निवडू द्या, आम्हांला गुलामासारखे वागवू नका, जंगल व पाणी सर्वांचे असू द्या, अशा त्या साध्या मागण्या होत्या. त्या कोणी ऐकल्या नाहीत. त्याच वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी वाइन्सबर्ग येथे शेतकऱ्यांच्या एका टोळीने तेथील सरदाराला व त्याच्या माणसांना भाल्यांनी भोसकून मारले. महिनाभराने सरदारांच्या सैन्याने ते गावच जाळून टाकले. त्या एका वर्षात हजारो, काही अंदाजांप्रमाणे लाखाच्या घरात, शेतकरी मारले गेले. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशी प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल सुरू झाली आणि ती बातमी रोमला पोहोचली तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी आभाराची प्रार्थना म्हणवून घेतली. आज आपल्याला ते वाचताना लाज वाटते आणि वाटलीच पाहिजे.

यातील एक गोष्ट गोव्याशी थेट जोडलेली आहे. १५८० पासून पोर्तुगालचा मुकुट स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे आला. म्हणजे १५८३ मध्ये कुंकळ्ळीवर नावाने राज्य होते ते याच फिलिपचे. आणि त्याच फिलिपविरुद्ध नेदरलँड्सच्या प्रांतांनी २६ जुलै १५८१ रोजी एक जाहीरनामा काढला होता. राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नसते. जो राजा रक्षण करण्याऐवजी प्रजेला गुलाम करतो तो राजाच राहत नाही, असा त्याचा आशय होता. फिलिपने या लोकांचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याच्या डोक्यावर आधीच पंचवीस हजार सुवर्णमुद्रांचे बक्षीस लावले होते. १० जुलै १५८४ रोजी, कुंकळ्ळीनंतर वर्षभराने, डेल्फ्ट शहरात विल्यमला गोळी घालण्यात आली. मारेकऱ्याच्या कुटुंबाला राजाने सरदारकी दिली.

हॉलंडमधल्या लोकांनी जे कागदावर लिहिले, तेच कुंकळ्ळीच्या गावकरांनी सारा नाकारून सांगितले. कुंकळ्ळीकरांच्या हाती छापखाना नव्हता, एवढाच फरक.

त्या काळी ख्रिस्तसभा काय शिकवत होती?

कोणी म्हणेल, फादर, तुम्ही आजच्या चष्म्यातून जुन्या लोकांकडे पाहता. त्या वेळी सगळे असेच वागत होते. ही सबब अपुरी आहे, कारण त्या काळची ख्रिस्तसभेची शिकवणच तिच्याविरुद्ध साक्ष देते.

पोप तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये जगातील नव्याने परिचित झालेल्या लोकांविषयी एक आज्ञापत्र काढले. हे लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व त्यांची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही आणि त्यांना श्रद्धेकडे बोलवायचे ते वचनाच्या प्रवचनाने व चांगल्या जीवनाच्या उदाहरणाने, असे त्यांनी बजावले. १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात डॉमिनिकन संघाचे फादर फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी आपल्या व्याख्यानांत सांगितले की, एखाद्या समाजाने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारण्यास नकार दिला म्हणून त्याच्याविरुद्ध युद्ध करणे न्याय्य ठरत नाही. गोव्यात १५६७ मध्ये भरलेल्या प्रांतीय धर्मपरिषदेनेही कोणाला बळजबरीने श्रद्धेत आणणे योग्य नाही, असे म्हटले. आणि त्याच परिषदेने देवळे पाडण्याची मागणीही केली! एका हाताने स्वातंत्र्य मान्य करायचे आणि दुसऱ्या हाताने ते काढून घ्यायचे, असा हा प्रकार होता.

तेव्हा १५८३ मध्ये कुंकळ्ळीत जे चालले होते ते चूक आहे, हे कळण्यासाठी कोणाला विसाव्या शतकापर्यंत थांबण्याची गरज नव्हती. ते लिहिलेले होते. सत्तेच्या सोयीसाठी ते बाजूला ठेवले गेले.

उठाव करण्याचा हक्क

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार फार चकित करत असे. ते म्हणतात की जुलमी राजवट उलथून टाकणे हे बंड नव्हे. खरा बंडखोर तर जुलमी राजाच असतो, कारण सर्वांचे कल्याण मोडून तो स्वतःचे हित पाहतो. तेराव्या शतकातील एका धर्मगुरूने हे लिहिले आहे. पण लगेच ते एक अट घालतात : त्या उलथापालथीतून लोकांचे जुलमाहूनही मोठे नुकसान होता कामा नये. आणि आणखी एक गोष्ट ते सांगतात, की हे काम कोणा एकट्यादुकट्याच्या मर्जीवर सोडायचे नाही, ते समाजाने विचारपूर्वक, अधिकाराने करायचे.

संत पौल रोमकरांना सत्तेचा मान राखण्यास सांगतो. संत पेत्र मात्र न्यायसभेसमोर उभा राहून सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ही दोन्ही वचने आपल्या पवित्र शास्त्रात आहेत. सत्ता देवाकडून येते, याचाच अर्थ ती देवाच्या न्यायाखाली असते. तिच्या मर्यादा तिने ओलांडल्या की नकार देणे हा गुन्हा नाही, कधी कधी ते कर्तव्य होते.

येशूसंघातही हा वाद पेटला होता. स्पेनमधील फादर हुआन दे मारियाना यांनी १५९९ मध्ये राजसत्तेवर एक ग्रंथ लिहिला. काही परिस्थितीत जुलमी राजाला ठार करणे योग्य ठरू शकते, असे त्यांनी त्यात म्हटले. १४ मे १६१० रोजी फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याचा भर रस्त्यात खून झाला. लोकांनी बोट दाखवले ते या ग्रंथाकडे. पॅरिसमध्ये तो जाळण्यात आला. त्याच वर्षी येशूसंघाच्या प्रमुखांनी आपल्या सर्व सदस्यांना आज्ञा केली की, कोणालाही जुलमी राजाचा वध करण्याचा अधिकार आहे असे कोणी शिकवू नये. हे प्रमुख कोण होते? फादर क्लॉदियो अक्वाविवा, कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या फादर रोदोल्फोंचे सख्खे काका. पुतण्याच्या मृत्यूची बातमीही तेच संघप्रमुख असताना रोमला पोहोचली होती.

आता निवाडा कसा करायचा?

माझ्या मते, या घटनेत चार गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. त्या एकत्र मिसळल्या की आपण कोणाचा तरी झेंडा घेऊन उभे राहतो आणि सत्य निसटते.

पहिली गोष्ट, गावकरांची तक्रार न्याय्य होती. त्यांचे देऊळ, त्यांची जमीन, त्यांचा गावगाडा मोडला जात होता. सारा नाकारणे हा त्यांचा योग्य प्रतिकार होता. क्रूस आणि चर्च आमच्या संमतीशिवाय नको, असे म्हणण्याचाही त्यांना हक्क होता.

दुसरी गोष्ट, तक्रार न्याय्य असली तरी त्या दिवशीचे कृत्य न्याय्य ठरत नाही. नि:शस्त्र माणसांना, आपल्याच गावच्या शाळकरी मुलाला, पुस्तक धरून बसलेल्या एका बालकाला मारून कोणता जुलूम संपणार होता? येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो : त्या लोकांपुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? मतपेटी नव्हती, कोर्ट त्यांचे नव्हते, वर्तमानपत्र नव्हते. हे सर्व खरे आहे. ज्यांना सारे मार्ग उपलब्ध आहेत अशा आपण, कात्रजच्या फ्लॅटमध्ये बसून, त्यांच्याविषयी कठोर बोलू नये. त्यांच्या अपराधाची धार त्यामुळे बोथट होते, हेही मी मान्य करतो. पण डॉमिनिकचे मरण त्याने योग्य ठरत नाही. अन्याय सोसणाऱ्याला पुष्कळ गोष्टी माफ होतात, तरी मूल मारण्याचा परवाना कोणालाच मिळत नाही.

तिसरी गोष्ट, असोळण्याचे कृत्य कुंकळ्ळीच्या कृत्यापेक्षा अधिक वाईट होते. जमावाने रागाच्या भरात, बैठक घेऊन का होईना, पण स्वतःच्या गावात शिरलेल्यांवर हात उगारला. सत्तेने मात्र थंड डोक्याने, बोलणी करण्याचे वचन देऊन, बोलावलेल्या पाहुण्यांना मारले. शासनाच्या हाती तलवार दिली जाते ती न्याय करण्यासाठी. चौकशी, साक्षीपुरावा, आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे यांमुळेच शासनाची शिक्षा आणि दरोडेखोराची हत्या यांत फरक पडतो. हा फरक ज्या सत्तेने स्वतः पुसला, तिने कुंकळ्ळीवर राज्य करण्याचा आपला उरलासुरला नैतिक अधिकार त्या किल्ल्यातच गमावला.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. मग ते पाच जण रक्तसाक्षी कसे? त्यांच्यापैकी एक जण तर त्या स्वाऱ्यांत सामील होता. माझे उत्तर असे आहे. ख्रिस्तसभा एखाद्याला रक्तसाक्षी म्हणते तेव्हा ती त्याच्या देशाच्या सरकारला प्रमाणपत्र देत नाही. त्याच्या आयुष्यातील प्रत्येक निर्णय बरोबर होता, असेही ती म्हणत नाही. शेवटच्या घटकेला तो माणूस श्रद्धेसाठी, सूड न घेता, मारणाऱ्यावर प्रेम करीत मेला, याची ती साक्ष देते. बंदूक हाताशी होती आणि फादर पाशेकोंनी ती थांबवली. त्या एका क्षणी पोर्तुगालची सत्ता मागे राहिली आणि वधस्तंभावरचा येशू पुढे आला. तो क्षण आपण आदराने आठवायचा. त्याच्या आधीची देवळांची मोडतोड मात्र त्या क्षणाच्या आड लपवायची नाही.

याच ठिकाणी आपल्याला एक धडा आहे. फादर अक्वाविवा १५८० ते १५८३ फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारात राहिले होते. तेथे त्यांच्यापाठीमागे कोणतेही सैन्य नव्हते. फक्त शब्द होता आणि साधे जीवन होते. बादशहा ख्रिस्ती झाला नाही, वाद खूप झाले, पण त्याने या फादरांना मान दिला आणि सुखरूप परत पाठवले. परत आल्यावर थोड्याच काळात, जेथे त्यांच्या लोकांचे राज्य होते तेथेच, ते मारले गेले. त्या दिवशी ते हातात शस्त्र न घेता आले होते. पण गावकरांनी ते कसे ओळखावे? आदल्या वेळी झगा घातलेला माणूस शिपायांबरोबरच आला होता. ख्रिस्तसभा सत्तेची तलवार उसनी घेते तेव्हा तिच्या रिकाम्या हातांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पुण्यातून कंधमालकडे

हा प्रश्न गोव्यापुरता किंवा सोळाव्या शतकापुरता नाही. आपल्या पुण्यात १८९७ मध्ये प्लेगची साथ होती. घरे तपासण्याच्या नावाखाली गोऱ्या शिपायांनी लोकांच्या देवघरांत, माजघरांत शिरून जो धुमाकूळ घातला, त्याने शहर संतापले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट हेही मारले गेले. पुढे चापेकर बंधू फासावर गेले. संताप खरा होता, धैर्यही खरे होते. तरी सुरुवातीला एका माणसावर रोखलेली गोळी त्याच माणसापाशी थांबत नाही, हे तेथेही दिसले.

आणि आपली स्वतःची जखम आठवा. २३ ऑगस्ट २००८ रोजी ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची हत्या झाली. त्यानंतर त्या हत्येशी काही संबंध नसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांवर हल्ले झाले, चर्चेस व घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, हजारो लोक जंगलात आणि छावण्यांत राहिले. थोड्या जणांच्या कृत्यासाठी सगळा समाज जबाबदार धरला गेला. असोळण्याला हेच झाले होते, वाइन्सबर्गला हेच झाले होते. कंधमालच्या वेळी आपण म्हणालो, आमच्या प्रार्थनास्थळाला हात लावण्याचा कोणालाही अधिकार नाही. अगदी बरोबर. पण ही गोष्ट चर्चच्या बाबतीत खरी असेल तर कुंकळ्ळीच्या देवळाच्या बाबतीतही खरी असली पाहिजे. तत्त्व फक्त आपल्यासाठी वापरले तर ते तत्त्व राहत नाही, ती वकिली होते.

सुदैवाने आज ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले की धर्माच्या बाबतीत कोणत्याही सत्तेने कोणावरही सक्ती करू नये, हा मानवी प्रतिष्ठेचाच भाग आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्ती लोकांनी सत्याच्या नावाने केलेल्या बळजबरीबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. आणि सशस्त्र प्रतिकाराविषयी कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ पाच अटी घालतो. मूलभूत हक्कांचा भंग निश्चित, गंभीर व दीर्घकाळ चाललेला असावा. इतर सर्व मार्ग संपलेले असावेत. प्रतिकारातून अधिक मोठी अनागोंदी माजू नये. यशाची सबळ आशा असावी. आणि याहून चांगला उपाय खरोखरच दिसत नसावा. या पाचही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या पाहिजेत. ज्या देशात न्यायालय आहे, निवडणूक आहे, अर्ज आणि मोर्चा आहे, तेथे हे किती कठीण आहे ते आपण समजू शकतो. या मार्गांचा मनापासून आणि चिकाटीने वापर करणे, हेच आपल्यासाठी ख्रिस्ती प्रतिकाराचे रूप आहे.

मुलांना काय सांगावे?

तर मग मूल विचारेल तेव्हा काय सांगायचे? पूर्ण गोष्ट सांगायची. होय, देवळे पाडली गेली आणि ते पाप होते. होय, नि:शस्त्र मिशनरी आणि मुले मारली गेली आणि तेही पाप होते. होय, बोलावून आणलेल्या गावकरांना किल्ल्यात कापले गेले आणि ते त्याहून मोठे पाप होते. यांतल्या एका पापाने दुसरे पुसले जात नाही.

आणि आणखी एक गोष्ट सांगा. "तुमचे लोक" आणि "आमचे लोक" ही विभागणी कुंकळ्ळीत टिकत नाही. तेथील आजची अनेक ख्रिस्ती कुटुंबे त्याच गावकरांच्या वंशातली आहेत. मारणारे त्यांचे पूर्वज आहेत आणि मरणाऱ्यांपैकी कित्येकही त्यांच्याच गावचे होते. डॉमिनिक आणि त्याचा चुलता एकाच घरातले.

गावातून हलवलेली देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आज फातर्प्याला आहे. दर वर्षी फाल्गुनात रंगीबेरंगी छत्र्यांची मिरवणूक तेथून कुंकळ्ळीला येते. तिला सोंत्र्यो म्हणतात. बारा घराण्यांच्या बारा छत्र्या असतात. त्या घराण्यांतील ख्रिस्ती लोकही या मिरवणुकीचे स्वागत करायला रस्त्यावर उभे असतात. आपली श्रद्धा न सोडता आपल्या शेजाऱ्याच्या आठवणीला मान देता येतो, हे त्या साध्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जगून दाखवले आहे.

कधी गोव्याला गेलात तर कुंकळ्ळीला जरूर थांबा. धन्यवादित रोदोल्फो व त्यांच्या सोबत्यांसाठी देवाचे आभार माना. मग गावकरांच्या स्मारकापाशीही जा आणि तेथे मारल्या गेलेल्यांसाठी एक 'आमच्या बापा' म्हणा. आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याचे वचन त्या प्रार्थनेत आपण रोजच देतो. आपल्या अपराधांची क्षमा मागण्याचे वाक्य मात्र त्याच्या आधी येते, हे लक्षात असू द्या.

प्रभू आपणां सर्वांना शांती देवो.

आपला,
धर्मगुरू